नव्या सातेरी वसाहतीच्या दारातली हालचाल: काय पाहावे, केव्हा झाकण उघडावे

देवगड परिसरातील एका आंबा बागायतदाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ चौकटींची रिकामी मधपेटी त्यांनी घराच्या मागे गोठ्याच्या भिंतीलगत ठेवली होती. माघात सातेरी, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या देशी मधमाश्यांचा, एक थवा आपण होऊन तीत येऊन बसला आणि आज त्याला बारा दिवस झाले. रोज दुपारी अडीच-तीनच्या सुमारास पेटीसमोर एवढ्या माश्या उडतात की ‘आता निघाल्या’ असे वाटून घरातील मंडळी बाहेर येतात, आणि अर्ध्या तासात सगळे शांत होते. पहिले तीन दिवस परागाची एकही गोळी आत जाताना दिसली नाही. चौथ्या दिवसापासून दिसू लागली. मात्र आल्या होत्या त्यापेक्षा माश्या कमी वाटतात. माश्या भांडत आहेत का, सोडून जाणार आहेत का, आत राणी आहे का, पेटी उघडून पाहावी का, आणि भिंतीलगत ऊन लागते म्हणून ती पन्नास पावलांवरच्या कलमाखाली हलवावी का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

दिलेल्या वर्णनावरून वसाहत रुळते आहे असेच मी म्हणेन. तसे म्हणण्याचे कारण मात्र समजून घेण्यासारखे आहे, कारण तीच हालचाल चौथ्या दिवशी एक अर्थ सांगते आणि विसाव्या दिवशी दुसरा. नव्या वसाहतीच्या दारात जे दिसते ते आजचा कितवा दिवस आणि दिवसातील कोणती वेळ, या दोन गोष्टी धरूनच वाचावे लागते. त्या न धरता केलेले निदान बहुधा चुकते, आणि चुकीच्या निदानापोटी लोक पेटी उघडतात. सातेरी माशीला पहिल्या पंधरवड्यात ज्या गोष्टी मुळीच खपत नाहीत, त्यांत पेटी उघडणे पहिले आहे.

आधी दुपारच्या गर्दीविषयी. ते भांडण नव्हे आणि प्रस्थानाची तयारीही नव्हे. थव्याबरोबर जुन्या, बाहेर फिरणाऱ्या माश्या येतात तशाच मोठ्या संख्येने कोवळ्या माश्याही येतात. मेण काढणे, पोळे बांधणे, अळ्यांना भरवणे ही घरातील कामे त्या प्रथम करतात, आणि बाहेरच्या कामाला लागण्यापूर्वी काही दिवस घराची जागा डोळ्यांत साठवून घेण्यासाठी उडतात. पेटीच्या बाजूला, माश्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत न येता, चार-पाच हातांवर बसावे आणि एकाच माशीवर नजर ठेवावी. ती दारातून बाहेर पडते, वीतभर अंतरावर गर्रकन वळते आणि तोंड पेटीकडे ठेवून हवेत तरंगत डावी-उजवीकडे लहानसा कंस काढते. पुढच्या कंसाची रुंदी थोडी वाढते, उंचीही वाढते, मग ती पेटीच्या छपरावरून वर्तुळे घेत दिसेनाशी होते, आणि काही मिनिटांनी परतते तेव्हा तिच्या मागच्या पायांवर काही नसते. अशा शेकडो माश्या एकाच वेळी उडत असल्या की लांबून तो गोंधळ वाटतो. जवळून पाहिले तर कोणीही कोणाला धरत नाही, दारात झटापट नाही, सगळ्यांची तोंडे घराकडे आहेत. ऊब आणि स्वच्छ उजेड असलेल्या शांत दुपारीच हे घडते. दोन दिवस मळभ राहिले तर तिसऱ्या दिवशी राहून गेलेल्या सगळ्या जणी एकदम बाहेर पडतात आणि गर्दी नेहमीपेक्षा मोठी दिसते.

चोरीचे दृश्य याहून अगदी निराळे असते. दुसऱ्या वसाहतीच्या माश्या मध लुटायला आल्या तर त्या दारापुढे तोंड करून स्थिर तरंगत नाहीत. झोके घेत येतात, मागे सरतात, झाकणाच्या फटी आणि पेटीचे कोपरे हुंगत फिरतात. दारात माश्यांच्या जोड्या एकमेकींना धरून लोळतात, दाराच्या फळीखाली मेलेल्या माश्या पडतात, आणि हे अर्ध्या तासात न आटोपता ऊन उतरेपर्यंत चालते. चोरीला निमंत्रण बहुतेक वेळा आपणच देतो. भरदिवसा दिलेला साखरेचा पाक, सांडलेला मध, पेटीजवळ टाकलेले जुने पोळे ही त्याची नेहमीची कारणे. सध्या आपल्याकडे काजू, आंबा आणि नारळ फुलावर असताना पाक देण्याची गरज मला दिसत नाही. पुढे कधी द्यावाच लागला, तर तो दिवेलागणीला, पेटीच्या आत, रात्रीत संपेल एवढाच द्यावा आणि दार अरुंद करावे.

आता दिवसांचा हिशेब. थवा येतो तेव्हा माश्यांच्या पोटात जुन्या घरून आणलेला मध असतो आणि बाकी काही नसते. कामकरी माशीच्या पोटाखालच्या ग्रंथींतून त्या मधाचेच मेण होऊन पातळ पापुद्रे बाहेर येतात आणि पहिल्या रात्रीपासून पोळ्याची बांधणी सुरू होते. पहिल्या आठवड्यात सकाळी दाराच्या फळीवर वाकून पाहिले तर अभ्रकाच्या कपच्यांसारखे बारीक, पारदर्शक, पांढुरके तुकडे पडलेले आढळतात. ते बांधताना निसटलेले मेणाचे पापुद्रे होत, आणि थवा राहण्याच्या विचाराने आला आहे याचा माझ्या मते सर्वांत लवकर मिळणारा पुरावा तोच. या काळात पराग दिसला नाही म्हणून काळजी करू नये. तो ठेवायला पोळ्यातली घरे नव्हती आणि तो खाणाऱ्या अळ्याही नव्हत्या.

घरे तयार होऊ लागली की जुनी, मीलन झालेली राणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंडी घालू लागते. अंडे तीन दिवसांनी फुटते, पुढे चार-पाच दिवस अळी खाते, मग घरावर मेणाचे झाकण बसते, आणि अंडे घातल्यापासून साधारण १८ ते २० दिवसांनी नवी कामकरी माशी बाहेर येते. म्हणजे या पेटीत जन्मलेली पहिली माशी थवा आल्यापासून २१व्या ते २३व्या दिवसाच्या आसपास दिसेल. तोपर्यंत एकही नवी माशी भरतीला नाही आणि कामकरी माशीचे आयुष्य धकाधकीच्या दिवसांत काही आठवड्यांचेच असते. त्यामुळे पहिले तीन आठवडे वसाहत रोज थोडी थोडी घटतेच. ‘माश्या कमी वाटतात’ हे आपले निरीक्षण खरे आहे, आणि तिसऱ्या आठवड्यात ते अधिक जाणवेल. त्याच सुमारास दुपारची गर्दीही ओसरेल, कारण थव्याबरोबर आलेल्या कोवळ्या माश्या तोवर जाणत्या झालेल्या असतील आणि घर ओळखायचे राहिलेले कोणीच नसेल. मग चौथ्या आठवड्याच्या अखेरीस, पहिल्या जन्मलेल्या माश्या आठवडाभराच्या झाल्या की, ती गर्दी पुन्हा सुरू होते. या दुसऱ्या गर्दीची मी वाट पाहतो. ती आली की राणी आहे, ती कामकरी माश्यांची अंडी घालते आहे, अळ्या पोसल्या गेल्या आणि पिढी बदलली, एवढे सगळे झाकण न उघडता कळते.

परदेशी चित्रफिती पाहून शिकणाऱ्यांसाठी येथे एक सूचना करून ठेवतो. त्या बहुधा युरोपीय माशीवर केलेल्या असतात. त्या माशीची कामकरी २१ दिवसांत बाहेर येते, आपली त्याआधी. युरोपीय माशी फटी डिंकाने लिंपते, सातेरी तसा डिंक गोळा करत नाही, म्हणून फटी बुजवण्याचे काम पेटी ठेवणाऱ्याने करायचे असते. दारात वारा घालणारी युरोपीय माशी तोंड आत आणि शेपूट बाहेर करून उभी राहते, तर सातेरी तोंड बाहेर करून उभी राहते आणि हवा आत ढकलते. दारात बाहेर तोंड करून पंख फडफडवणारी रांग दिसली की अनेक जण ‘माश्या बाहेर पडायला बघताहेत’ असे समजतात. त्या फक्त घर थंड करत असतात. थवा येतो त्या संध्याकाळी दिसणारी फडफड मात्र वेगळी असते. तेव्हा माश्या पोटाचे टोक वर उचलून त्यावरील गंधग्रंथी उघडी करतात आणि मागे राहिलेल्यांना घराचा वास पोहोचवतात. पोट वर उचललेले आहे की फळीला समांतर आहे, एवढे पाहिले की दोन्ही प्रकार ओळखता येतात.

राणीविषयी. मोहोळातून निघणारा पहिला थवा जुनी राणी घेऊन निघतो आणि तिचे काम लगेच सुरू होते. त्यामागून निघणाऱ्या लहान थव्यांत कुमारी राणी असते. तिला दुपारी बाहेर उडून नरांशी मीलन करून यावे लागते, त्यात पाऊस, माश्या खाणारा वेडा राघू पक्षी किंवा वाट चुकणे यांपैकी काहीही आडवे येऊ शकते, आणि सर्व नीट झाले तरी अंडी सुरू व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. अशा थव्यात परागाची आवक बराच काळ तुरळक राहते. आपल्याकडे चौथ्या दिवशी पराग सुरू झाला, यावरून जुनी राणी असण्याची शक्यता मला बरीच वाटते. मात्र परागाची एखाददुसरी गोळी राणी नसलेल्या वसाहतीतही आत जाते, तेव्हा केवळ ‘पराग दिसला’ एवढ्यावर थांबू नये. सकाळी आठ-नऊच्या सुमारास, म्हणजे पराग भरात असताना, आत शिरणाऱ्या ओळीने दहा माश्या पाहाव्यात आणि त्यांतील किती जणींच्या पायांवर गोळ्या आहेत व त्या भरीव आहेत की नावापुरत्या, याची नोंद करावी. चार-पाच दिवसांच्या नोंदींत हे प्रमाण टिकते की घसरते, हे आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहे.

पेटी आज उघडू नये. पंधराव्या-सोळाव्या दिवशी, वारा नसलेल्या सकाळी दहा-अकराच्या दरम्यान, एकदाच उघडावी. त्या दिवसापर्यंत पहिल्या अळ्यांवर झाकणे बसलेली असतात, म्हणून एकाच पाहणीत अंडी, अळ्या आणि झाकलेली घरे असे तिन्ही टप्पे दिसायला हवेत. धूर अगदी थोडा द्यावा. कडेची रिकामी चौकट काढून जागा करावी आणि मधली एकच चौकट, नवे पोळे तुटू नये म्हणून आडवी न करता, उभीच उचलावी. राणी शोधू नये; ती शोधण्याच्या नादात वेळ जातो आणि माश्या बिथरतात. उन्हाकडे पाठ करून घरांच्या तळाशी पाहावे: प्रत्येक घरात तळाच्या मध्यावर एकच अंडे आणि झाकलेली घरे सपाट व सलग असतील, तर चौकट परत ठेवून झाकण लावावे. एका घरात दोन-तीन अंडी, तीही भिंतींना चिकटलेली, आणि फुगीर झाकणे विखुरलेली असतील, तर राणी हरवून कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या आहेत. सातेरीत हे युरोपीय माशीपेक्षा लवकर घडते. त्या अंड्यांतून फक्त नर निघतात. तशा वेळी शेजारच्या मधपाळाकडून ताजी अंडी असलेली चौकट मिळवून मध्ये द्यावी, म्हणजे माश्या नवी राणी करण्याचा प्रयत्न करतील. मात्र थवा लहान असेल तर तो दुसऱ्या वसाहतीत मिसळणे अधिक शहाणपणाचे.

नरांची आणखी एक खूण सांगतो, कारण ती युरोपीय माशीत सापडत नाही. नराच्या कोषावरचे मेण माश्या खरवडून काढतात आणि मधोमध बारीक छिद्र असलेली, शंकूसारखी तपकिरी टोपी उघडी पडते. नर बाहेर आले की या टोप्या तळपाटावर, म्हणजे पेटीच्या तळाच्या फळीवर, किंवा दाराखाली पडतात. जोमात असलेल्या जुन्या वसाहतीत त्या दिसल्या तर थवा सुटण्याचे दिवस जवळ आले असे समजतात. आपल्या पेटीत त्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास ढीगभर दिसल्या आणि कामकरींची दुपारची गर्दी मात्र परतली नाही, तर वर सांगितलेला बिघाड झाला आहे.

सोडून जाण्याची भीती अनाठायी नाही; सातेरीची ती सवयच आहे. परंतु वसाहत घर सोडते तेव्हा दारात आधी गर्दी वाढत नाही, तर काम कमी होते. पराग आटतो, अळ्या वाढवणे थांबते, माश्या साठवलेला मध पिऊन टाकतात, दारातील पहारा ढिला पडतो, आणि एके दिवशी ऊन चढल्यावर राणीसह सर्व माश्या काही मिनिटांत बाहेर पडून उंच जातात. त्या वेळी कोणाचेही तोंड पेटीकडे नसते. कारणे बहुधा आपल्या हातातली असतात. झाडावरचे तांबडे हुमले आणि काळे मुंगळे हे कोकणात पहिले कारण आहे. पेटी ठेवलेल्या घोडीचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत असावेत आणि गवताची काडी किंवा फांदी पेटीला टेकू देऊ नये, कारण मुंग्यांना तेवढा पूल पुरतो. मेणकिडा, म्हणजे पोळे पोखरणारी पतंगाची अळी, दुर्बळ वसाहतीच्या रिकाम्या पोळ्यात शिरतो. माश्यांनी न व्यापलेली चौकट-पोळी आत ठेवू नयेत आणि तळपाट अधूनमधून पुसावा. गांधीलमाशी दारापुढे घिरट्या घालू लागली की सातेरी माश्या फळीवर दाटी करून एका लयीत अंग थरथरवतात आणि सगळी फळी हलल्यासारखी दिसते. तो इशारा असतो. त्याने भागले नाही तर पुष्कळ माश्या मिळून गांधीलमाशीला गोळ्यात कोंडतात. जपानमधील याच जातीच्या माश्यांवर झालेल्या अभ्यासात अशा गोळ्याचे तापमान ४६ अंश सेल्सिअसच्या आसपास चढते आणि गांधीलमाशी त्यात मरते, असे दिसले आहे. तरीही रोजचा हल्ला वसाहतीला घराबाहेर पडायला भाग पाडतो. म्हणून दार एका वेळी दोन-तीन माश्या जातील एवढेच ठेवावे आणि जवळपास गांधीलमाश्यांचे घरटे असल्यास त्याचा बंदोबस्त करावा.

दारात मेलेल्या अळ्या पडलेल्या दिसल्या तर येथेही दिवस मोजावेत. पहिल्या आठवड्यात बाहेर टाकण्याजोगी मोठी अळीच आत नसते. तिसऱ्या आठवड्यात एखाददुसरी कोरडी, पांढरी अळी पडली तर ती साफसफाई आहे. मात्र पिशवीत पाणी भरावे तशा फुगलेल्या, टोक वर वळलेल्या अळ्या रोज दिसू लागल्या, तर थायी सॅकब्रूड या विषाणूजन्य रोगाची शंका घ्यावी. १९९१-९२च्या सुमारास दक्षिण भारतातील सातेरी वसाहतींचा फार मोठा भाग या रोगाने संपला होता. यावर औषध नाही. त्या पेटीची चौकट, पोळे किंवा अवजार दुसऱ्या पेटीला लावू नये आणि महाबळेश्वरच्या मधसंचालनालयाकडे नमुना दाखवून खात्री करून घ्यावी.

आपल्या बागेत मला रोगापेक्षा फवारणीची धास्ती अधिक आहे. तुडतुड्यांसाठी मोहोरावर मारलेल्या औषधाने बाधलेली माशी दारापर्यंत येते, फळीवर गोल गोल फिरते, जीभ बाहेर काढून मरते. एका सकाळी अशा पुष्कळ माश्या दिसल्या तर दुसरे कारण शोधण्यात वेळ घालवू नये. स्वतःची फवारणी माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी करावी. शेजारच्या बागेची वेळ आधी विचारून घ्यावी आणि त्या सकाळी उजाडण्यापूर्वी दाराला हवा खेळेल अशी जाळी लावून, पेटीवर ओले गोणपाट टाकून, माश्यांना काही तास आत ठेवावे. दिवसभर कोंडू नये. गुदमरूनही वसाहत जाते.

राहिला पेटी हलवण्याचा प्रश्न. पन्नास पावले हे सर्वांत वाईट अंतर आहे. बाहेर फिरणाऱ्या माश्यांनी गोठ्याची भिंत, शेजारचे झाड आणि दाराची दिशा पाठ केली आहे. पेटी कलमाखाली नेली तरी त्या भिंतीपाशीच परततील आणि आधीच घटत चाललेल्या वसाहतीतील कमावत्या माश्या एका दिवसात जातील. हलवायचीच तर दोन मार्ग आहेत. रोज हात-दीड हात सरकवत न्यावी, किंवा रात्री दार बंद करून दोन-तीन किलोमीटरपलीकडे दोन-तीन आठवडे ठेवावी आणि मग हव्या त्या जागी आणावी. दोन्ही गोष्टी नवी पिढी बाहेर आल्यावर, म्हणजे महिनाभरानंतर कराव्यात. नवे पांढरे पोळे वाहतुकीच्या हिसक्याने गळून पडते. तोपर्यंत उन्हाचा बंदोबस्त जागेवरच होऊ शकतो. पेटीच्या वर आणि पश्चिमेच्या बाजूला नारळाच्या झावळांचा झाप बांधावा, झाकण आणि झाप यांत वारा खेळेल एवढी पोकळी ठेवावी, आणि जवळ उथळ भांड्यात खडे घालून पाणी ठेवावे. झाप दुपारी गर्दी चालू असताना बांधू नये, अंधार पडल्यावर बांधावा. दाराच्या समोरची बाजू मात्र आज आहे तशी मोकळी राहू द्यावी.